बुधवारची सही

घरी कुणी नवा पाहुणा आला की सासूबाई चहा पुढे करता करता दोन वाक्यं हमखास बोलायच्या. पहिलं वाक्य, "आमची लेक विमान चालवते." मग पाहुण्याचे डोळे मोठे होईपर्यंत त्या थांबायच्या. आणि रिकाम्या कपबशा उचलायला सून पुढे आलेली दिसली की दुसरं, "ही पण तिथेच असते."

हे दुसरं वाक्य जिच्याबद्दल होतं ती सून सोळा वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त करत होती. तिच्या सहीशिवाय ती काम करायची त्या मैदानावरून एकही विमान जमीन सोडू शकत नव्हतं. पण "सही" म्हटल्यावर पाहुण्यांचे डोळे मोठे होत नाहीत.

मैदान गावाबाहेर होतं. एकच धावपट्टी, पत्र्याचा एक हँगर, दोन खोल्यांचं ऑफिस. विमानं तीन. त्यांतली दोन शिकाऊ वैमानिकांसाठीची, दोन माणसं बसतील अशी. तिसरं जरा मोठं, चार जणांचं. ते आठवड्यातून दोनदा एका डॉक्टरला आणि औषधांच्या पेट्यांना घेऊन लांबच्या वस्त्यांवर जायचं. मालक स्वतः एके काळी वैमानिक होते. आता त्यांच्या दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं होती. हँगरमध्ये या सूनबाईंच्या जोडीला एक जुने कारागीर होते, पत्र्याचं काम करणारे. त्यांना सगळे पत्रेकाका म्हणायचे.

बाईंना मात्र सगळे वहिनी म्हणायचे, आणि त्याची एक गोष्ट होती.

त्यांच्या वडिलांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पंपाला कान लावून आत काय घासतंय ते ओळखायला त्या दहाव्या वर्षीच शिकल्या. पुढे तंत्रशाळेत एकतीस मुलांत त्या एकट्या मुलगी होत्या. लायसनची परीक्षा पहिल्या फेरीत पास होणारे तिघं, त्यांत त्या एक. मैदानावर लागल्या तेव्हा लोक त्यांना इंजिनियरबाई म्हणायचे, आणि ते ऐकलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. नोकरीला दोन वर्षं झाली आणि एके दिवशी त्या जेवणाचा डबा घरी विसरल्या. तो घेऊन त्यांची एकोणीस वर्षांची नणंद सायकलवरून आली. घरात तिला बेबी म्हणत. कॉलेजात तिचं मन लागत नव्हतं, कशातच लागत नव्हतं. तिला जरा बरं वाटावं म्हणून वहिनींनीच एका वैमानिकाला सांगितलं, हिला एक चक्कर मारून आणा. बेबी खाली उतरली ती केस विस्कटलेली, गाल लाल, आणि विमानाच्या पंखाला धरून नुसती उभी राहिली. दोन महिन्यांनी तिने शिकायला नाव घातलं.

बेबी हँगरच्या दारातूनच हाक मारायची, "वहिनी!" तिचं ऐकून इंधन भरणारा म्हणायला लागला, मग शिपाई, मग इतर वैमानिक, आणि शेवटी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. इंजिनियरबाई कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही. आणि बेबीला त्याच मैदानावर सगळे कॅप्टन म्हणू लागले.

ती वाईट असती तर फार सोपं झालं असतं. पण बेबी कधी वाकडं बोलली नाही. वहिनींच्या मुलीच्या आजारपणात ती चार रात्री उशाशी बसली होती. जिथे जाईल तिथून वहिनींसाठी काहीतरी आणायची, आणि जे आणायची ते नेमकं वहिनींना हवं असलेलं निघायचं. वहिनींना तिच्यात एक खोट सापडत नव्हती, आणि चौदा वर्षं त्या शोधत होत्या. कुणी कॅप्टनचं कौतुक केलं की वहिनी हसून मान डोलवायच्या, आणि पोटात काहीतरी आवळत जायचं, एखादा नट जास्तच पिळावा तसं.

मग चार सीटच्या विमानाचं इंजिन संपलं.

म्हणजे ते बंद पडलं नाही. नेहमीप्रमाणे तेल बदलताना वहिनींनी गाळणी कापली, आतला कागद उलगडून उन्हात धरला, तर घड्यांमध्ये बारीक बारीक चकाकत होतं. लोहचुंबक फिरवला. चकाकी चुंबकाला चिकटून वर आली. पोलाद झिजत होतं, आत कुठेतरी. इंजिनाचे ठरलेले उड्डाणाचे तासही भरत आले होते. वहिनींनी तो कागद तसाच मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, हे आता उडणार नाही. मालकांनी भिंग लावून पाहिलं, उसासा टाकला आणि नवं इंजिन मागवलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झाली, पण वाटेत तिचा आकार बदलला. डॉक्टर दवाखाना बंद करून मुद्दाम मैदानावर आले आणि बेबीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले की कॅप्टन, तुम्हाला वेळीच शंका आली म्हणून आम्ही वाचलो. बेबी म्हणाली, "अहो, मला कसली शंका? वहिनींनी पकडलं ते." डॉक्टर हसले. त्यांना तो विनय वाटला. वहिनी तिथेच, हात पुसायची चिंधी हातात घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरांनी जाताना त्यांच्याकडे पाहून मान लववली, घरच्या मंडळींकडे पाहून लववतात तशी.

नवं इंजिन लाकडी खोक्यातून आलं. ते बसवण्याआधी जुनं काढायचं होतं. वहिनींनी बॅटरी सोडवली, तेल काढलं, नाकावरची झाकणं उतरवून भिंतीशी लावली. प्रोपेलर आधी काढला. तो त्यांनी आणि पत्रेकाकांनी दोघांनी धरून गादीवर ठेवला. मग एकेक नळी, एकेक वायर. प्रत्येकीला कापडी पट्टी बांधून त्यावर वहिनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहायच्या, कुठून कुठे. विमानाच्या शेपटीखाली त्यांनी लाकडी घोडा ठेवला, कारण नाकातलं वजन गेलं की विमान मागे बसतं. शेवटी चेनपुलीला इंजिन अडकवून चार मोठे बोल्ट काढले. इंजिन बोटभर वर उचललं गेलं, जरा डोललं, आणि मोकळं झालं. पत्रेकाका इतका वेळ कसलीशी चाल गुणगुणत होते, ते गप्प झाले. विमानाच्या नाकाच्या जागी नुसता सपाट पत्रा आणि लोंबणाऱ्या वायरी उरल्या.

हे काम वहिनींना जिवापाड आवडायचं. आणि ते करताना बेबी रोज तिथे यायची, कारण तिला उडायला विमानच नव्हतं. लाकडी स्टुलावर बसायची, टॉर्च धरू का म्हणायची, प्रश्न विचारायची. प्रश्न चांगले असायचे. तिसऱ्या दिवशी तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

एका मोठ्या कंपनीत तिने अर्ज केला होता. पन्नास माणसांची विमानं, चार पट्ट्यांचे गणवेश, मोठी शहरं. ढगात, काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विमान चालवायची एक परीक्षा तेवढी राहिली होती. परीक्षक पुढच्या गुरुवारी मैदानावर येणार होता, आणि त्या परीक्षेला लागणारी यंत्रं फक्त याच विमानात होती.

"घरी बोलू नकोस," बेबी म्हणाली. "नापास झाले तर आईचं तोंड बघवणार नाही मला. तुला एकटीलाच सांगितलंय."

वहिनी म्हणाल्या, बुधवारपर्यंत होईल. आणि पुन्हा पाना हातात घेतला. पन्नास माणसं, त्यांच्या मनात आलं. आता सासूबाईंना दोन वाक्यांच्या मधे किती वेळ थांबावं लागेल?

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लहानच.

मालकांना ऑफिसात लावायला एक मोठा फोटो हवा होता. नवं इंजिन बसवलेलं, झाकणं अजून उघडी, प्रोपेलर चमकतोय, आणि शेजारी कॅप्टन. फोटोवाला आला. बेबीने वहिनींचा हात धरून त्यांनाही ओढून घेतलं. फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला, पुन्हा काढला, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला होता का? आणि ती शिडीपण घ्या सोबत." बेबी म्हणाली, नाही, त्या हव्यात. पण तोवर वहिनी शिडी उचलून निघाल्यासुद्धा होत्या. बेबीने ओढलं तेव्हा त्या तेलाच्या नळीचा एक नट हाताने बसवत होत्या. पान्याने घट्ट करायचा राहिला होता. परत आल्या तेव्हा डोक्यात नुसता जाळ होता. त्यांनी पुढची नळी घेतली.

दुसरी गोष्ट रविवारी. त्यांची मुलगी सहावीत होती. तिच्या वहीत शाळेतल्या बाईंनी लाल शाईने शाबासकी दिलेला निबंध होता, माझा आदर्श. वहिनी वाचायला बसल्या. आत्याच्या धाडसाबद्दल होतं, आत्याच्या काळ्या चष्म्याबद्दल होतं, मोठेपणी आत्यासारखं व्हायचंय हे होतं. आईचं नावही आलं होतं, शेवटून दुसऱ्या ओळीत: माझी आई आत्याच्या विमानाची काळजी घेते. सासूबाईंनी तो निबंध त्या दिवशी मोठ्याने दोनदा वाचून घेतला. वहिनींनीही छान लिहिलंय म्हटलं, आणि मग मोरीत जाऊन एक घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसल्या.

सोमवारी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. वहिनींची एक पद्धत होती. नट मापाने पिळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे झालं. बेबी नेहमीप्रमाणे टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरत होती. ती वाकली, थांबली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"वहिनी, इथे पिवळं नाहीये."

वहिनींनी पाना लावला. नट अर्धा वेढा फिरला. तेलाच्या नळीचा नट. वर गेल्यावर तो सुटला असता तर काही मिनिटांत सगळं तेल बाहेर आणि इंजिन जाम. सोळा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

त्यांनी नट पिळला, ठिपका दिला. बेबी काही बोलली नाही. पत्रेकाका चार पावलांवर होते, त्यांनाही कळलं नाही. इंजिन सुरू झालं, एका दमात, आणि कुठेही थेंब गळला नाही. मालकांनी कानातली यंत्रं काढून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी जेवताना वहिनी वाट पाहत होत्या. आता ही सांगेल, गंमत म्हणून सांगेल, आज वहिनींची फजिती झाली म्हणून. मग सासूबाई काहीतरी बोलतील, मग आपल्याला चिडता येईल. बेबीने दोनदा भाजी मागून घेतली आणि मैदानावरच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगितलं. बस. तेवढंच. उपकार करून वर ती ते विसरूनही गेली होती.

त्यांनी मालकांना सांगितलं की उडण्याआधी मी सगळं पहिल्यापासून तपासणार. यात चूक काहीच नव्हतं. एक नट राहिला तर आणखीही राहिलेला असू शकतो. मंगळवारचा पूर्ण दिवस आणि बुधवारची सकाळ त्यांनी एकेका ठिकाणी पाना लावून, आरसा घालून, बोट फिरवून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. बुधवारी साडेबाराला शेवटचा बोल्ट तपासून झाला. आता फॉर्मवर सही करायची, दुपारी तासभराचं चाचणी उड्डाण, आणि गुरुवारी विमान परीक्षेला तयार.

फॉर्म टेबलावर होता. पेन खिशाला होतं. वहिनी बराच वेळ सहीच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसल्या. मग त्यांनी फॉर्म खणात ठेवला आणि पुन्हा शिडीवर चढल्या. बेबीने खालून विचारलं, "झालं का गं?" त्या म्हणाल्या, "अजून थोडं बघते." चारला पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. तेच बोल्ट, त्याच नळ्या, त्या दुसऱ्यांदा बघत होत्या, आणि आपण काय करतोय हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पुढे त्या म्हणायच्या की माणसाला अशा वेळी काही सुचत नाही म्हणतात ते खोटं आहे. मला सगळं सुचत होतं.

गुरुवारी दहाला परीक्षक आला. बुटका, इस्त्रीच्या घडीसारखा नीटनेटका माणूस. विमानाची झाकणं उघडी. बेबीने सरळ सांगितलं की आमच्या इंजिनियरचं अजून समाधान झालेलं नाही, त्यामुळे आज उडता येणार नाही. ती 'इंजिनियर' म्हणाली, 'वहिनी' म्हणाली नाही, हे वहिनींनी ऐकलं. परीक्षकाने घड्याळ पाहिलं, चहा घेतला. जाण्यापूर्वी तो मुद्दाम हँगरमध्ये आला आणि त्याने वहिनींशी हात मिळवला. तुमच्यासारखी माणसं कमी झालीत, तो म्हणाला. सगळ्यांना घाई असते. वहिनींचा हात तेलकट होता. त्याने आपला हात रुमालाला पुसला नाही, तसाच घेऊन गेला.

इतक्या वर्षांत त्यांच्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते या कामासाठी मिळालं होतं.

बेबी गाडीपर्यंत त्याला सोडून परत आली. डोळे लाल होते, पण म्हणाली, "जाऊ दे. येईल पुन्हा. तुझं समाधान झाल्याशिवाय मी तरी कशाला बसू त्यात."

वहिनींनी त्या संध्याकाळी सही केली.

मालकांचा एक जुना नियम होता. ज्याने इंजिन बसवलं त्याने पहिल्या उड्डाणात शेजारी बसायचं. शुक्रवारी सकाळी वहिनी कानांवर ते जाड हेडफोन लावून बेबीच्या उजवीकडे बसल्या. नवं इंजिन हळू चालवून उपयोग नसतो. आतल्या रिंगा नीट बसायला ते जोरात पळवावं लागतं. म्हणून तासभर मैदानावरच घिरट्या घालायच्या, जोर कमी न करता, म्हणजे काही झालं तर धावपट्टी खालीच असते. वहिनींनी काट्यांवर, विशेषतः तेलाच्या तापमानावर, नजर ठेवायची होती. खाली हँगरचं छप्पर काडेपेटीएवढं दिसत होतं. बेबीचे हात अगदी सैल होते. घरी भाजी चिरताना तिची बोटं कापतात, आणि इथे ते हात असे काही विमानाला धरून होते की वहिनींना तेही बघवेना.

"तेल?" बेबीने विचारलं.

"ब्याऐंशी."

"छान आहे गं इंजिन. एकदम मऊ."

हे ऐकलं आणि वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"हे बुधवारी दुपारीच तयार होतं."

"काय?"

"विमान. साडेबारालाच माझं सगळं तपासून झालं होतं. मी मुद्दाम सही केली नाही."

बेबीने मान वळवली नाही. "का?"

"तू पास झाली असतीस म्हणून."

इंजिन एका सुरात चाललं होतं. विमान आणखी एक पूर्ण चक्कर फिरलं. डॉक्टरांच्या दवाखान्याचं पांढरं छप्पर खालून गेलं, नंतर पाण्याची टाकी.

"तेल किती?" बेबी म्हणाली.

"चौऱ्याऐंशी."

उरलेला अर्धा तास दोघी फक्त आकडे बोलल्या. बेबीने विमान इतकं हलकं उतरवलं की चाकं कधी टेकली ते कळलं नाही. तिने एकेक स्विच बंद केला, फॉर्म भरला, खाली उतरली, विमानाला वळसा घालून वहिनींच्या समोर येऊन उभी राहिली. चौदा वर्षांत वहिनींनी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"त्या नटाचं मी कुणाला बोलले?"

"नाही."

"भर पावसात, मालक मागे लागलेले असताना, पेशंट तिकडे वाट बघत असताना, मी तुझ्या सहीशिवाय चाक हलवलं नाही, वहिनी. एकदाही नाही. सही दिसली की मी पुढचा विचारच करत नव्हते. आता मी त्या सहीकडे कशी बघू?"

वहिनींना वाटलं होतं की बेबी परीक्षेबद्दल भांडेल.

त्याच दिवशी त्या मालकांकडे गेल्या आणि नटापासून सगळं सांगितलं. मालकांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. बाहेर शिपायाने ऐकलं. मालकांनी टेबलावरचा पंखा बंद केला. मग म्हणाले की महिनाभर तुम्ही काम करा, पण सही शेजारच्या मैदानावरचा इंजिनियर येऊन करेल. तो आठवड्यातून तीनदा मोटारसायकलवरून यायचा. तरणा होता, शीळ घालत यायचा, वहिनींनी केलेल्या कामावर टॉर्च मारायचा आणि सही करून जायचा. वहिनी शेजारी उभ्या राहायच्या, आणि त्याच्या पेनाकडे बघताना त्यांना त्याचाही हेवा वाटायचा. हे असं आपल्याला आता कुणाचंही वाटायला लागलंय की काय, अशी त्यांना भीती वाटली.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, शांत माणूस. बहिणीचं आणि बायकोचं काही असलं की दुसऱ्या खोलीत जाणारा. या वेळी गेला नाही. सगळं ऐकून म्हणाला, "तिने उडायला शिकावं म्हणून आईशी भांडली होतीस तू. आठवतंय? मी आणि आई नको म्हणत होतो. तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

वहिनींना खरंच आठवत नव्हतं. डबा आठवत होता, तिला विमानात बसवलं ते आठवत होतं. त्या म्हणाल्या, मग मीच मूर्ख. आणि तो हसला नाही.

बेबी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलली. घरात सासूबाईंना वाटलं की कशावरून तरी बिनसलंय, आणि दोष अर्थातच सुनेचा असणार, तेव्हा त्याही सुनेशी कामापुरतं बोलू लागल्या. या वेळी त्यांचं बरोबर होतं, हे वहिनींना सांगता येत नव्हतं. विचित्र गोष्ट अशी की त्या महिन्यात वहिनींना झोप चांगली लागली. बेबी रागावू शकते, बेबी तोंड फिरवून जिन्यावरून जाऊ शकते. इतकी वर्षं ती उंचावरून हसणारी कुणीतरी होती. आता ती एक बाई झाली होती, जिचं आपण नुकसान केलं होतं.

महिना संपल्यावर वहिनींची सही त्यांना परत मिळाली. पहिला फॉर्म चार सीटच्या विमानाचाच होता. बेबीने तो हातात घेतला. पूर्वी ती नुसता खालचा चौकोन बघायची. आता ती पंखाला टेकून उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, बोट ठेवून, एकेक आकडा. दहा मिनिटं लागली. डॉक्टर विमानात बसून घड्याळ बघत होते. वाचून झाल्यावर तिने दोन प्रश्न विचारले, वहिनींनी उत्तरं दिली. मग ती गेली.

त्यानंतर ती प्रत्येक फॉर्म असाच वाचायची. वहिनींनी कधी म्हटलं नाही की पुरे आता.

परीक्षक चार महिन्यांनी आला. त्या दिवशी विमान पहाटेपासून धुऊन पुसून तयार होतं आणि सही आदल्या दुपारीच झालेली होती. बेबी पास झाली. हँगरमध्ये सगळ्यांनी तिला उचललं, पत्रेकाकांनीसुद्धा. वहिनी टाळ्या वाजवत होत्या आणि पोटात दुखतच होतं, पहिल्यासारखंच. त्यांनी ते कुणापासून, निदान स्वतःपासून, लपवलं नाही. गर्दी ओसरल्यावर त्या बेबीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मला अजून वाईट वाटतंय, तुझं झालं म्हणून. पण सही वेळेत केली."

बेबीने त्यांच्याकडे पाहिलं. "वाचली मी," ती म्हणाली. आणि किती तरी दिवसांनी जरा हसली.

ती मोठ्या शहरात गेली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा सुट्टीवर आली ती कंपनीचा गणवेश घालून, सासूबाईंनी फोनवरून तसं बजावलं होतं म्हणून. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. वहिनींची मुलगी टोपी घालून आरशासमोर उभी राहिली. सगळे गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात उरल्या. वहिनी भांडी लावत होत्या, बेबी ओट्यावर चढून बसली होती, पाय हलवत, लहानपणी बसायची तशी. खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या दिव्यात चमकत होत्या. वहिनींनी त्या मोजल्या, चार नव्हत्या, दोनच होत्या. त्यांना किंचित बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली, आणि मग त्यांनी विचारलं की तुमच्या विमानांची इंजिनं कोण बघतं.

बेबी सांगायला लागली. मोठा हँगर आहे, पाळ्या असतात, पहाटे फॉर्म हातात येतो.

"वाचतेस?"

"अख्खा. सगळे हसतात मला."

"आणि सही कुणाची असते?"

बेबीचे पाय हलायचे थांबले. तिला माहीत नव्हतं. एक आडवीतिडवी सही असते, ती म्हणाली, रोज एकच. माणूस कधी बघितला नाही.

"विचारून ये," वहिनी म्हणाल्या, आणि तिच्या हातात पुसायचं फडकं दिलं.